हमाली बाबांना विचारणे

जुन्या वस्तू जमवणाऱ्यांकडे आपला समाज कौतुकाने कमी आणि कीव करून जास्त पाहतो. दिनकर केळकर अडकित्ते, दिवे, दौती, कोरीव दारे गोळा करीत हिंडत, तेव्हा त्यांनाही ‘हे कशाला?’ असे विचारणारे भेटले असणारच. आज त्यांच्या संग्रहाचे राजा केळकर संग्रहालय पुण्याच्या भूषणांत मोजले जाते. पण अडकित्त्याचे एक बरे असते. शंभर वर्षांनी उचलला तरी तो सुपारी कातरतो. माझ्या नशिबी जी वस्तू आली आहे ती तीस-चाळीस वर्षांतच मुकी होते, आणि तिला बोलते करायचे तर आधी तिच्या पोटात हात घालावा लागतो. ही वस्तू म्हणजे १९८० च्या दशकातला छोटा संगणक.

आजच्या मुलांना दाखवला तर त्यांना तो जाडजूड की-बोर्डच वाटतो. त्यांचे चुकतही नाही, कारण सगळे यंत्र त्या की-बोर्डाच्या खालीच असे. पडदा म्हणून घरातला टीव्ही जोडायचा आणि लिहिलेला प्रोग्रॅम साठवायला गाण्यांचा टेपरेकॉर्डर. इंग्लंडमध्ये डिसेंबर १९८१ मध्ये ‘बीबीसी मायक्रो’ आणि एप्रिल १९८२ मध्ये सिंक्लेअरचा ‘स्पेक्ट्रम’ बाजारात आला, आणि तिथल्या मध्यमवर्गीय घरांतून पोरे रात्र-रात्र प्रोग्रॅम लिहू लागली. स्पेक्ट्रम भारतातही परवान्याने तयार झाला. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीचा ‘डीबी स्पेक्ट्रम प्लस’ काही वाचकांना आठवत असेल, निदान मुंबई-पुण्याच्या वाचकांना. आमच्या खानदेशात मात्र ‘घरगुती’ हा शब्द या यंत्राला कधी लागला नाही. ते आमच्याकडे आले ते शाळेत, आणि तेही सरकारी योजनेतून.

ती योजना म्हणजे ‘क्लास’. १९८४-८५ साली केंद्र सरकारने शाळांत संगणक-साक्षरता आणण्यासाठी ती सुरू केली. त्यासाठी निवड झाली बीबीसी मायक्रोची. कालांतराने असे सुमारे बारा हजार संगणक राज्यांमार्फत देशभरच्या सुमारे अडीच हजार माध्यमिक व उच्च माध्यमिक शाळांत वाटले गेले. म्हणजे शाळेमागे पाच. मोहालीच्या सेमीकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सरकारी कंपनीने याच यंत्राची ‘युनिकॉर्न’ नावाची भारतीय आवृत्तीही बांधली होती. यंत्राची ताकद सांगितली तर आज हसू येईल. मेमरी ३२ किलोबाइट. लग्नाचा एक फोटो मोबाईलवर पाठवतो, त्यात अशी शंभर यंत्रे सहज मावतील.

१९८७ साली मी नववीत होतो. तेव्हा नंदुरबार वेगळा जिल्हा नव्हता, आम्ही धुळे जिल्ह्यात मोडत होतो. शाळेतल्या त्या खोलीला पडदे होते, जमिनीवर तरट होते आणि चपला बाहेर काढाव्या लागत. एका यंत्रामागे चार मुले आणि पंधरा मिनिटांची पाळी. एकाने टंकायचे, एकाने वहीतून ओळ वाचायची, एकाने पडद्यावर नजर ठेवायची आणि चौथ्याने सर येताहेत का ते पाहायचे. दसऱ्याला इतर अवजारांबरोबर संगणकांचीही पूजा होई. हळद, कुंकू, झेंडूचे फूल, सगळे यथासांग. हे मी आठवणीतून सांगतो आहे असे समजू नका. परवा एका की-बोर्डाची बटणे काढली तर स्पेस-बारच्या खाली कुंकवाचे चार दाणे होते. ते मी पुसले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी मी नोकरीतून मोकळा होऊन वडिलांच्या घरी, कोरीटला (तालुका नंदुरबार), परतलो. त्याच सुमारास जिल्ह्यातल्या एका शाळेने आपली अडगळीची खोली रिकामी केली. रजिस्टरमध्ये निर्लेखन झाले, सह्या झाल्या, आणि माल किलोच्या भावाने भंगारवाल्याकडे गेला. मला कळले तेव्हा टेम्पो भरून निघाला होता. मी भंगारवाल्याकडून तीन धड आणि दोन मोडके बीबीसी मायक्रो विकत घेतले आणि रिक्षातून घरी आणले. शेजारच्या आप्पांनी ओसरीवर चढता चढता विचारले, ‘भाऊ, हाई भंगार कसाले लई उना?’ त्या दिवशी माझ्याकडे नीट उत्तर नव्हते. आज आहे, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख.

आधी दुरुस्तीची गोष्ट. अशी यंत्रे मिळाली की पहिला मोह होतो तो प्लग लावून पाहण्याचा. तो टाळावा. त्या काळातल्या अनेक यंत्रांत वीज आत येते त्याच जागी कागदी थरांचे दोन कंडेन्सर असत. वर्षानुवर्षांनी त्यांच्या आवरणाला बारीक तडे जातात, आत ओल शिरते, आणि चाळीस वर्षांनी वीज मिळाली की पाच-दहा मिनिटांत फट्‌ असा आवाज होऊन घरभर असा धूर होतो की शेजारी बादली घेऊन येतात. त्यामुळे आधी ते बदलायचे. नंदुरबारला एक जुने रेडिओ-टीव्ही मेकॅनिक आहेत. त्यांच्याकडे यंत्र घेऊन गेलो. बीबीसी म्हटल्यावर त्यांना रेडिओवरच्या बातम्या आठवल्या. पण झाकण उघडताच म्हणाले, ‘भाऊ, पहिले वास घ्या. जळालेलं नाकाला कळतं, मीटरला नंतर.’ मग त्यांनी काय केले असेल? बोर्डावरची प्रत्येक आयसी अंगठ्याने खाली दाबली. करकर आवाज करीत एकेक आयसी आपल्या खाचेत बसली. उन्हाळ्याची भट्टी आणि हिवाळ्याची थंडी यांनी धातू फुगतो, आकसतो, आणि सॉकेटमधली आयसी वर्षाला केसभर वर सरकते. हे ज्ञान पुस्तकातही आहे, पण त्यांच्या अंगठ्याने ते चाळीस वर्षे आधीच शिकून ठेवले होते.

बीबीसी मायक्रो सुरू करताना दोन सूर काढतो. आधी एक लांब, खर्जातला, आणि लगेच एक छोटा, वरचा. दुसरा सूर आला की यंत्र जिवंत. पहिलाच सूर थांबता थांबेना तर आत काही बिघडले आहे. आमच्या पहिल्या यंत्राने बराच वेळ तो एकच सूर लावून ठेवला. मेमरीच्या सोळा आयसी असतात; त्यांतली एक बोट ठेवताच चटका देत होती. मोडक्या यंत्रातली काढून तिच्या जागी बसवली, आणि दुसरा सूर आला. मेकॅनिककाकांनी फक्त मान डोलावली आणि पुढच्या गिऱ्हाईकाचा मिक्सर उघडला.

अशा दुरुस्तीतले शौकीन लोक पिवळे पडलेले प्लास्टिक पुन्हा गोरे करण्याच्या फार मागे असतात. आग लागू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातलेल्या रसायनांमुळे ते पिवळे पडते, आणि हायड्रोजन पेरॉक्साइड लावून उन्हात ठेवले की बऱ्यापैकी उजळते. ऊन आमच्याकडे फुकट आहे. जिथे मिरचीच्या पथाऱ्या वाळतात तिथे संगणक वाळवायला काय हरकत आहे, असे गमतीने कोणी म्हणालेही. पण तो पिवळेपणा काही काळाने परत येतो, आणि मला त्या रंगात काही वाईटही दिसत नाही. वयाला कलप लावण्यासारखेच ते. असो.

या साऱ्या खटाटोपात माझ्या मनात एक गोष्ट हळूहळू पक्की होत गेली. आपण चुकीच्या वस्तूवर जीव टाकतो आहोत. बीबीसी मायक्रो ही काही दुर्मिळ वस्तू नव्हे. इंग्लंडात ती लाखांनी विकली गेली, केंब्रिजच्या संगणक-इतिहास केंद्रात शाळकरी मुले आजही चालू यंत्रांवर बसून प्रोग्रॅम लिहितात, आणि कोणत्याही लॅपटॉपवर तिची हुबेहूब नक्कल फुकट चालवता येते. यंत्र गेले तर दुसरे मिळेल. पण त्या यंत्राशेजारी कपाटात ज्या कॅसेट्‌स होत्या, फ्लॉप्या होत्या, मुलांच्या चौकटीच्या वह्या होत्या, त्यांची जगात दुसरी प्रत नाही. आणि भंगारवाला नेमके उलटे करतो. यंत्रात तांबे आहे, पितळ आहे, आयसीच्या पायांना सोन्याचा मुलामा असेल अशी आशा आहे. म्हणून यंत्र नीट ठेवतो आणि कॅसेट्‌स उकिरड्यावर ओततो. छंदी माणसेही यापेक्षा फार वेगळी नाहीत. यंत्राचे फोटो काढतात, कॅसेटचे खोके ‘यासोबत फुकट’ म्हणून देऊन टाकतात.

मला तिथल्याच ढिगात साबणाच्या एका खोक्यात अकरा कॅसेट्‌स मिळाल्या. बहुतेक गाण्यांच्या. त्या काळी कोरी कॅसेट शाळेला परवडत नसे, म्हणून मुले घरून एखादी जुनी आणत आणि भजनाच्या वरतीच प्रोग्रॅम साठवत. एकीवर निळ्या शाईत लिहिले होते, ‘मराठी अक्षरे व पट्टी. ९ ब.’ नाव नव्हते.

टेपवर प्रोग्रॅम साठवतात म्हणजे काय, हे ज्यांनी ऐकलेले नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. संगणकाला शून्य आणि एक एवढेच कळते. बीबीसीने शून्यासाठी जाड सुराची एक लहर आणि एकासाठी त्याच्या दुप्पट बारीक सुराच्या दोन लहरी ठरवल्या, आणि सेकंदाला अशा बाराशे खुणा तो टेपवर गातो. कानाला ते किरकिऱ्या रातकिड्यासारखे लागते. प्रोग्रॅम २५६ अक्षरांच्या तुकड्यांत कापलेला असतो आणि प्रत्येक तुकड्याच्या शेवटी पडताळ्याची एक बेरीज असते. बेरीज जुळली नाही की यंत्र ‘डेटा?’ असे विचारते आणि टेप मागे घ्यायला सांगते. शिक्षकासारखे.

कॅसेटची अवस्था बेताची होती. टेप हेडवर दाबून धरणारी कापसाची गादी सुटून पडली होती; ती दुसऱ्या कॅसेटमधून काढून बसवली. कडेला पांढरी बुरशी होती, ती हलक्या हाताने काढली. मग टेपरेकॉर्डरच्या हेडशेजारचा छोटा स्क्रू. प्रत्येक टेपरेकॉर्डरचे हेड थोडे वेगळ्या कोनात असते, आणि ज्या कोनात ध्वनिमुद्रण झाले तो कोन सापडल्याशिवाय बारीक सूर बोथट होतात. कान देऊन स्क्रू फिरवत राहायचे, रातकिडा सर्वांत कर्कश झाला की थांबायचे. मी तो आवाज लॅपटॉपवरही उतरवून घेतला, आणि प्रामाणिकपणे सांगायचे तर पुढचे बरेच वाचन लॅपटॉपनेच केले. जुने यंत्र ‘डेटा?’ म्हणून हात झटकते, तिथे लॅपटॉपवर लहरीचे चित्र मोठे करून डोळ्यांनी मोजता येते. चार संध्याकाळी त्यात गेल्या. चौदा तुकडे मिळाले. पंधराव्यावर कोणीतरी नंतर रेडिओवरचे गाणे टेप केले होते.

मग ते चौदा तुकडे बीबीसीमध्ये घातले आणि प्रोग्रॅमची यादी मागितली.

हा प्रोग्रॅम बाजार समितीतल्या पट्टीचा होता. शेतकऱ्याने मिरची आणली की वजन, भाव, त्यातून अडत, तोलाई, हमाली वजा, आणि हातात किती पडणार याचा कागद, ती पट्टी. हिशेब म्हणून त्यात काही विशेष नाही, पाचवीचे गणित. विशेष हे की पट्टी मराठीत छापायची होती. त्या यंत्राला मराठी येत नव्हते. आमच्या भागातल्या शाळांपर्यंत तेव्हा मराठी टंकणारा संगणक पोहोचलाच नव्हता. पुण्याची ‘सी-डॅक’ १९८८ साली स्थापन झाली, आणि संगणकात भारतीय लिप्यांसाठीची ‘इस्की’ ही संकेतप्रणाली भारतीय मानक ठरली ती १९९१ मध्ये. नववी ‘ब’ मधल्या मुलाला तेवढे थांबायला वेळ नव्हता.

यंत्रात एक सोय होती. आठ गुणिले आठ चौकटींच्या जाळीत हवा तो आकार काढून त्याला क्रमांक देता येत असे. गणिताच्या वहीचे पान घ्यायचे, आठ आडव्या ओळी आखायच्या, अक्षर काळे करायचे. प्रत्येक ओळीतल्या चौकटींना डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १ अशा किमती. काळ्या चौकटींची बेरीज केली की त्या ओळीचा आकडा मिळतो. आठ ओळींचे आठ आकडे म्हणजे एक अक्षर. त्या मुलाचा ‘न’ असा आहे: २५५, २, २, १२६, ९८, ९८, २, २. वाचकांनी रविवारी दुपारी चौकटीच्या कागदावर तो काढून पाहावा, मुलांना सोबत घ्यावे. पहिली ओळ २५५, म्हणजे आठही चौकटी काळ्या. ती शिरोरेखा. त्याच्या बहुतेक अक्षरांचा पहिला आकडा २५५ आहे. मराठी अक्षराला डोक्यावर रेघ असते हे बाराखडीत शिकलेले ज्ञान त्याने यंत्राला असे सांगितले.

पण जागा फक्त बत्तीस आकारांची. आपली वर्णमाला, वर काना, मात्रा, वेलांट्या, उकार, हे सगळे बत्तीसात कसे बसवणार? मी नववीत असतो तर ‘क’पासून सुरुवात करून ‘म’च्या आसपास दमलो असतो. या पोराने वर्णमाला बाजूला ठेवली आणि आपल्याला लागणारे शब्द घेतले: मिरची, वजन, भाव, अडत, हमाली, तोलाई. शब्द जसे आले तशी अक्षरे काढली, आलेले पुन्हा काढले नाही. ‘ङ’ आणि ‘ञ’ यांना मिरचीच्या बाजारात काम नाही, म्हणून त्यांना जागाही नाही. ‘मिरची’ छापताना पहिल्या वेलांटीची आकृती ‘म’च्या आधी येते, कारण डोळ्याला ती आधी दिसते. ‘इस्की’ने आणि नंतर युनिकोडने हा प्रश्न उलटा सोडवला: साठवताना उच्चाराचा क्रम, ‘म’ आधी आणि वेलांटी मागून, आणि पडद्यावर मांडताना वेलांटी पुढे. तज्ज्ञांना ज्या पेचावर विचार करावा लागला तोच पेच खानदेशातल्या एका शाळकरी मुलापुढे होता, आणि त्याने तो त्याच्यापुरता सोडवला होता.

प्रोग्रॅममध्ये स्वतःसाठी टीप लिहिण्याची सोय असते. ती ओळ यंत्र वाचत नाही. अडत आणि तोलाई यांच्या ओळींत दर भरलेले आहेत. हमालीच्या ओळीत शून्य आहे, आणि तिच्या वर, इंग्रजी अक्षरांत पण मराठीत, टीप आहे: ‘हमाली बाबांना विचारणे.’

त्याचे बाबा शेतकरी असतील, हमालीचा दर पट्टीवर वाचून ठेवणारे. किंवा स्वतः हमाल असतील. मला दुसरे अधिक संभवनीय वाटते, कारण अडत आणि तोलाई त्याने कुठून तरी मिळवले होते, आणि हमालीसाठीच विचारायचा माणूस घरात होता. अर्थात हा माझा तर्क. त्याने विचारले की नाही, ते टेपवर नाही.

शेवटी छपाईच्या ओळीत चार आकार मागवलेले आहेत, क्रमांक २४१ ते २४४, आणि त्यांच्यापुढे उरलेली रक्कम. या चार आकारांची व्याख्या मिळालेल्या तुकड्यांत नाही. त्या ओळी गाण्याखाली गेल्या. तो शब्द ‘एकूण’ असणार: ए, क, दीर्घ उकार, ण. चारही आकार त्याआधीच्या शब्दांत कुठे येत नाहीत, म्हणजे हिशेबही जुळतो. पडद्यावर आज तिथे कोरी जागा येते आणि पुढे आकडा. हे चार आकार मी दहा मिनिटांत काढून देऊ शकतो. काढले नाहीत. कंडेन्सर बदलणे वेगळे. तो कोणाचा हस्ताक्षर नसतो. मुलाच्या ‘ण’च्या जागी माझा ‘ण’ बसवला तर पुढे पाहणाऱ्याला ते कळणारही नाही, आणि तेच वाईट.

काही जण म्हणतील, एका पोराच्या अर्धवट प्रोग्रॅमसाठी केवढा हा पसारा! संगणकाचा इतिहास म्हणजे मोठ्या संस्थांचा, १९९१ च्या ‘परम’ महासंगणकाचा. तो आहेच. आमच्या जिल्ह्याच्या वाट्याला त्या इतिहासातले एक मोठे पानही आले आहे: २९ सप्टेंबर २०१० रोजी शहादा तालुक्यातल्या टेंभली गावात देशातला पहिला आधार क्रमांक दिला गेला. पंतप्रधान आले होते, फोटो निघाले. पण त्या दिवशी संगणकाने गावकऱ्यांची नोंद घेतली. ही कॅसेट त्याच्या वीसेक वर्षे आधीची आहे, आणि तिच्यात गावाकडच्या मुलाने संगणकाला काय करायचे ते सांगितले आहे. पहिल्या घटनेचे कागद सरकार जपेल. दुसरीचा पुरावा साबणाच्या खोक्यात होता.

इंग्लंडने हे ओळखले आहे. बीबीसीने आपल्या संगणक-साक्षरता मोहिमेचे जुने कार्यक्रम आणि प्रोग्रॅम २०१८ साली सर्वांसाठी खुले केले. त्या मोहिमेचे फळ तर आपल्या सर्वांच्या खिशात आहे. बीबीसी मायक्रो बनवणाऱ्या एकॉर्न कंपनीतल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनीच पुढे ‘आर्म’ हा प्रोसेसर रचला. एप्रिल १९८५ मध्ये तो पहिल्यांदा चालला, आणि त्याच घराण्यातले प्रोसेसर आज जवळजवळ प्रत्येक मोबाईलमध्ये आहेत. यंत्र बनवणाऱ्यांचे चीज झाले. ते वापरणाऱ्या आपल्या मुलांनी काय केले, याचीही नोंद तितकीच मोलाची आहे, आणि ती आपणच ठेवायची आहे. केंब्रिज ती ठेवणार नाही.

यासाठी संग्रहालय बांधा, अनुदान द्या, असे मी म्हणत नाही. ते झाले तर उत्तमच, पण तोवर टेप थांबणार नाही. शाळांतली ती कपाटे आता एकेक करून रिकामी होत आहेत. त्या योजनेच्या वेळचे शिक्षक निवृत्त झाले, किल्ली कुठे आहे हे माहीत असलेले शिपाईही. शिक्षण विभागाने निर्लेखनाच्या अर्जात एवढीच एक ओळ वाढवावी: संगणकाबरोबरच्या कॅसेट, फ्लॉपी व विद्यार्थ्यांच्या वह्या वेगळ्या काढल्या आहेत काय? मुख्याध्यापकांनी ‘होय’ लिहिले की ते खोके जिल्ह्याच्या ठिकाणी शिक्षक-प्रशिक्षण संस्थेत किंवा एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयात जावे. तिथली मुले एका सुट्टीत शंभर कॅसेट्‌स वाचतील. त्यासाठी एक टेपरेकॉर्डर, एक लॅपटॉप आणि बराचसा धीर लागतो. चालू स्थितीतले जुने यंत्र जिल्ह्यात एक असले तरी पुरे. माझ्याकडची दोन मी द्यायला तयार आहे.

घरच्या माळ्यावर असे काही असेल त्यांनाही दोन गोष्टी सांगाव्याशा वाटतात. यंत्राला वीज लावू नका. आणि नंतरच्या काळातला, घड्याळासाठी आत छोटी बॅटरी असलेला संगणक असेल तर जाणकाराकडून ती बॅटरी आधी काढून घ्या, कारण ती गळते आणि बोर्ड खाते. कॅसेट्‌स पत्र्याच्या छपराखाली ठेवू नका, स्पीकरजवळही नको. खोक्यावर कोणी, कधी, कुठल्या शाळेत, एवढे पेन्सिलीने लिहा. लिहिणारा आज पन्नाशीत असेल. अजून विचारता येते.

साबणाच्या खोक्यातल्या आणखी सहा कॅसेट्‌स वाचायच्या आहेत. एकीवर फक्त ‘पाऊस’ असे लिहिले आहे, तीवर प्रोग्रॅम आहे की गाणी, ते लावल्यावर कळेल. दमट हवेत टेप चिकटू लागते, म्हणून मृगाच्या आत उरकायचे ठरवले आहे. आप्पा आता रोज संध्याकाळी येऊन ओसरीवर बसतात. तरुणपणी ते दर आठवड्याला मिरचीची गाडी घेऊन बाजारात जात. त्या काळी पोत्यामागे हमाली किती पडे, ते त्यांना आठवते असे म्हणतात; जुन्या पट्ट्यांची पेटी उघडून पाहू, म्हणाले आहेत.